लहान रुग्णालयातील डॉक्टर : मराठी लेखनातील प्रतिमा आणि सेवाव्यवस्थेतील वास्तव (उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

वैद्यकीय सेवेविषयीची मराठीतील चर्चा मुख्यतः रुग्णाच्या बाजूने होत आली आहे आणि ते स्वाभाविकही आहे. खाट मिळाली की नाही, औषध उपलब्ध होते की नाही, डॉक्टर जागेवर होता की नाही, हे प्रश्न सामान्य माणसाच्या जगण्यामरण्याशी निगडित असतात. परंतु डॉक्टर जागेवर का नव्हता, या प्रश्नाचा शोध घेताना ही चर्चा बहुधा व्यक्तीच्या नीतिमत्तेपाशी येऊन थांबते. जो डॉक्टर जागेवर होता, त्याने तेथे दहा-पंधरा वर्षे कशाच्या आधारावर राहावे, त्या काळात त्याचे ज्ञान वाढावे कसे, अवघड प्रसंगी त्याने कोणाला विचारावे आणि निवृत्त होताना आपल्या सेवेचे फलित म्हणून त्याने कशाकडे बोट दाखवावे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार दोन अंगांनी केला आहे. पहिले अंग मराठीतील डॉक्टरविषयक लेखनाचे आहे. दुसरे अंग शासकीय सेवेतील पदोन्नती, उच्च शिक्षण आणि अध्यापन यांसंबंधीच्या नियमांचे आहे. वरवर पाहता साहित्य आणि सेवानियम यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि दोहोंमध्ये एकच उणीव आढळते, हे येथे दाखवावयाचे आहे. मराठी लेखनाला महानगरातील मोठे रुग्णालय ठाऊक आहे आणि दुर्गम भागातील सेवाश्रमही ठाऊक आहे. शासनाच्या नियमांनाही हीच दोन टोके दिसतात. या दोहोंच्या मध्ये असलेले, लोकलगाडीच्या अंतरावरचे लहान सार्वजनिक रुग्णालय मात्र दोघांच्याही नजरेतून निसटले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे अशा ‘मधल्या’ प्रदेशाचे ठळक उदाहरण आहेत.

२. मराठी लेखनातील डॉक्टर : तीन प्रतिमा

मराठी मनातील डॉक्टरच्या प्रतिमेचा आरंभ याच परिसराच्या उंबरठ्यावर होतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाते कल्याणशी होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या आणि कोल्हापूर संस्थानातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना देण्यात आली. मात्र हे काम प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी त्यांचे निधन झाले.

काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीपर्यंत आणि २०१९ च्या त्याच नावाच्या चित्रपटापर्यंत ही कथा मराठी समाजाने पुनःपुन्हा सांगितली. कथेचे केंद्र प्रत्येक वेळी शिक्षणाचा ध्यास, समुद्रप्रवास, पदवी आणि अकाली मृत्यू हेच राहिले. त्यात चरित्रकारांचा दोष नाही, कारण आयुष्यच तेथे संपले होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, डॉक्टरची कथा म्हणजे डॉक्टर होण्याची कथा, असा साचा रूढ झाला. कोल्हापूरसारख्या संस्थानी गावातील रुग्णालयात एका तरुण स्त्री-डॉक्टरचे पाचवे किंवा दहावे वर्ष कसे गेले असते, तिला साहाय्यक कोण मिळाले असते, नवे ज्ञान तिच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचले असते, हे प्रश्न त्या साच्यात बसतच नाहीत.

दुसरी प्रतिमा मोठ्या रुग्णालयातील गुरूची आहे. डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे या प्रकारचे प्रातिनिधिक पुस्तक मानता येईल. अशा लेखनाचे मोल वादातीत आहे. सार्वजनिक रुग्णालय हे केवळ गरिबांच्या उपचाराचे ठिकाण नसून ज्ञाननिर्मितीचे आणि संस्कारांचे केंद्र असते, हे त्यातून ठसते. मात्र या ज्ञानाच्या मुळाशी असलेली रचनाही लक्षात घ्यावयास हवी. वरिष्ठ अध्यापक, निवासी डॉक्टर, विद्यार्थी, ग्रंथालय, शवविच्छेदन विभाग, साप्ताहिक चर्चासभा आणि इतर विशेषज्ञांचा शेजार या सर्वांमुळे तेथील डॉक्टर घडतो. व्यक्तिगत कर्तृत्वाची कथा सांगताना ही रचना पार्श्वभूमीला जाते आणि ती जेथे नाही, तेथील डॉक्टर केवळ कर्तृत्वात कमी पडला, असा समज नकळत दृढ होतो.

तिसरी प्रतिमा व्रतस्थाची आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाची कहाणी सांगणारे डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ घराघरांत पोहोचले. जामखेड येथे १९७० पासून उभा राहिलेला आरोळे दांपत्याचा प्रकल्प आणि गडचिरोलीतील डॉ. अभय व राणी बंग यांचे कार्य यांनी तर जगाच्या आरोग्यविचाराला दिशा दिली. या कार्याविषयी आदर बाळगूनही समीक्षेला एक गोष्ट नोंदवावी लागते. व्रताची भाषा पगार, पदोन्नती, रजा, निवासस्थान, मुलांचे शिक्षण आणि स्वतःचे पुढील शिक्षण या विषयांना गौण ठरवते. व्रत घेतलेल्याने ती भाषा स्वतःसाठी वापरणे निराळे. नियुक्तिपत्रावर नोकरीस लागलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच भाषेत उपदेश करणे मात्र अन्यायाचे ठरते.

या तिघांच्या बाहेर एक चौथी, नकारात्मक प्रतिमाही आहे. ती आरोपीच्या पिंजऱ्यातील डॉक्टरची होय. अजित दळवी यांच्या ‘डॉक्टर! तुम्हीसुद्धा’ या नाटकाने व्यवसायातील नीतीचा प्रश्न रंगभूमीवर आणला. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींच्या आधारे केलेल्या कामातून आणि ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकातून तो प्रश्न अधिक खोलवर मांडला गेला. या कामाचे वेगळेपण असे की, त्यात व्यक्तीला दोष देण्याऐवजी व्यवस्थेची कैफियत मांडली आहे. त्याचा भर खासगी व्यवसायावर आहे. सार्वजनिक क्षेत्रातील लहान रुग्णालयाची कैफियत त्याच ताकदीने मराठीत यावयाची राहिली आहे.

३. महाडचा अपवाद

या सर्व प्रतिमांना छेद देणारे एक उदाहरण मात्र मराठी वाचकासमोर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेडचे. नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर १९७६ मध्ये ते तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. पाठ्यपुस्तकात या मृत्यूंचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि अखेरीस फुप्फुसांत साठणारे पाणी, हा क्रम त्यांनी टिपला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुण्यात एम.डी. पूर्ण केल्यानंतरही ते पुन्हा महाडच्याच परिसरात परतले. प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशात होणारा उपयोग त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडला. पुढे २०११ मध्ये महाड येथे ७० रुग्णांवर केलेली प्रतिविष आणि प्राझोसिन यांची तौलनिक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. एकेकाळी सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारामुळे १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन सामान्यतः गरिबीवर मात करणाऱ्या मुलाची संघर्षगाथा म्हणून वाचले जाते. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सेवाव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता या जीवनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली गोष्ट अशी की, लहान ठिकाणाजवळ स्वतःचे असे प्रश्न असतात. विंचूदंशाचा प्रश्न मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात इतक्या संख्येने आणि इतक्या लवकरच्या अवस्थेत दिसला नसता. दुसरी गोष्ट अशी की, ज्ञानाची सुरुवात महागड्या यंत्राने होत नाही, ती शिस्तबद्ध नोंदीने होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, उच्च शिक्षणासाठी गेलेला डॉक्टर परत येऊ शकतो, मात्र परत येण्यासारखे काहीतरी अपुरे काम त्याच्या मागे राहिलेले असावे लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बावस्करांचे उदाहरण प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे आदर्श म्हणून ठेवणे म्हणजे व्रतस्थाच्या प्रतिमेचीच पुनरावृत्ती करणे होय. अपवादाचे महत्त्व त्याच्या अनुकरणात शोधू नये. इतरांना तसे का करता आले नाही, हा प्रश्न तो उपस्थित करतो आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. पत्रव्यवहार, ग्रंथ, परदेशी नियतकालिकांशी संपर्क हे सारे त्या डॉक्टरने स्वतःच्या जिद्दीवर उभे केले. जी गोष्ट व्यवस्थेने द्यावयाची, ती व्यक्तीने मिळवली, म्हणून ती कथा झाली. जेथे व्यवस्था ते देते, तेथे अशा कामाची कथा होत नाही, ती नित्याची बाब होते.

४. ‘मधले’ रुग्णालय : तीन शहरांचा संदर्भ

महाड हे गाव ग्रामीण कोकणात मोडते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची स्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ प्राचीन शिवमंदिरामुळे आणि पुढे आयुध निर्माणीसारख्या कारखान्यांमुळे ओळखले गेले. बदलापूर हे गेल्या काही दशकांत मुंबईतील घरांच्या किमती न परवडणाऱ्या नोकरदार मराठी कुटुंबांचे आश्रयस्थान बनले. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांहून अधिक आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. म्हणजे तेव्हाच हा परिसर नऊ लाखांच्या पुढे गेला होता आणि त्यानंतरची वाढ डोळ्यांना दिसते आहे.

या लोकसंख्येसाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय व नगरपरिषदेचे दुबे रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. शिवाय उल्हासनगरात राज्य कामगार विमा योजनेचे आणि अंबरनाथमध्ये आयुध निर्माणीचे रुग्णालय आहे. नकाशावर पाहिले तर ही सारी काही किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ती परस्परांपासून फार दूर आहेत. राज्याचा आरोग्य विभाग, कामगार विमा योजना, नगरपरिषद आणि केंद्रीय संरक्षण उत्पादन यंत्रणा अशा वेगवेगळ्या छत्रांखाली ती चालत आली. त्यामुळे एकाच स्थानकावर गाडीतून उतरणाऱ्या डॉक्टरांचे वरिष्ठ वेगळे, सेवाशर्ती वेगळ्या आणि पदोन्नतीचे मार्गही वेगळे. एका रुग्णालयातील भूलतज्ज्ञ आणि दुसऱ्या रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून एखाद्या मातामृत्यूची कारणमीमांसा करावी, अशी या छत्रांना जोडणारी कायमस्वरूपी रचना नाही.

याच्या जोडीला अंतराचा प्रश्न आहे. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. हे अंतर रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवण्याइतके जवळचे आणि गंभीर रुग्णासाठी धोकादायक ठरण्याइतके दूरचे आहे. त्यामुळे ‘पुढे पाठवा’ हा लहान रुग्णालयातील सर्वांत सोपा निर्णय होतो. एकट्या डॉक्टरच्या बाजूने पाहिले तर तो शहाणपणाचाही असतो, कारण रुग्ण दगावल्यास नातेवाइकांच्या संतापाला त्यालाच तोंड द्यावे लागते. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. परंतु रात्रपाळीत शेजारी दुसरा डॉक्टर असण्याची जागा कायदा घेऊ शकत नाही.

या साखळीचे वरचे टोक किती ताणलेले आहे, हे ऑगस्ट २०२३ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्यांतील काही रुग्ण अत्यवस्थ स्थितीतच दाखल झाले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. या स्पष्टीकरणाची सत्यासत्यता हा येथील विषय नाही. मात्र ते जितके खरे मानावे, तितका प्रश्न खालच्या पायरीकडे सरकतो. रुग्ण वेळेत ओळखणारा, स्थिर करणारा आणि योग्य क्षणी पाठवणारा डॉक्टर लहान रुग्णालयात तयार कसा व्हावा? ज्याने पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हेही त्याला कधी कळत नाही, त्याने आपल्या निर्णयातून शिकावे तरी कसे?

५. सेवाव्यवस्थेची शिडी

लहान रुग्णालयातील डॉक्टरच्या प्रगतीचे तीन मार्ग संभवतात. पहिला पदोन्नतीचा, दुसरा उच्च शिक्षणाचा आणि तिसरा अध्यापन-संशोधनाचा.

पदोन्नतीच्या बाबतीत अंबरनाथचेच उदाहरण बोलके आहे. केंद्र शासनाने २००८ मध्ये आपल्या सेवेतील सर्व डॉक्टरांसाठी कालबद्ध प्रगतीची योजना लागू केली. तीत ४, ९, १३ आणि २० वर्षांच्या सेवेनंतर पद रिक्त असो वा नसो, वरची श्रेणी मिळते. आयुध निर्माणीच्या आरोग्य सेवेतील डॉक्टर केंद्रीय सेवेतले असल्याने या योजनेच्या कक्षेत आले. राज्याच्या सेवेतील कर्मचाऱ्यांसाठीची आश्वासित प्रगती योजना १०, २० आणि ३० वर्षांचे टप्पे मानते. एकाच शहरात तेच रुग्ण तपासणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एकाला चौथ्या वर्षी आणि दुसऱ्याला दहाव्या वर्षी प्रगतीची पहिली पायरी दिसते. हा भेद त्या दोघांच्या गुणवत्तेतून आलेला नाही, तो त्यांच्या नियुक्तिपत्रावरील शिक्क्यातून आला आहे.

उच्च शिक्षणाच्या मार्गाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. केंद्रीय नियमावलीत पदव्युत्तर पदविकेच्या निम्म्या जागा दुर्गम व अवघड भागांत सेवा केलेल्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी होत्या आणि पदवीच्या प्रवेशासाठी अशा सेवेच्या प्रत्येक वर्षाला १० टक्के, कमाल ३० टक्के, प्रोत्साहनपर गुण देण्याची मुभा होती. पुढे पदविकांच्या जागांचे पदवीच्या जागांत रूपांतर झाले आणि पहिली सवलत अर्थहीन झाली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवांतर्गत डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, कुटुंबवैद्यक इत्यादी आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका नव्याने सुरू केल्या. लहान रुग्णालयांच्या गरजेशी थेट जुळणारा हा निर्णय होता.

या साऱ्या वळणांत एक सूत्र कायम राहिले. प्रोत्साहनाचा निकष ‘दुर्गम’ हा आहे. तो न्याय्य आहे, कारण गडचिरोलीतील सेवा आणि बदलापुरातील सेवा एकसारखी नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की, उपनगरी पट्ट्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याला दुर्गमतेचे गुण मिळत नाहीत आणि महानगरातील अध्यापन रुग्णालयाचा लाभही मिळत नाही. मराठी लेखनात ज्या कारणाने तो अदृश्य आहे, नेमक्या त्याच कारणाने तो नियमांतही अदृश्य आहे.

दुसरे सूत्र बंधपत्राचे आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरने ठरावीक काळ शासकीय सेवा द्यावी, अन्यथा दंड भरावा, अशी महाराष्ट्रातील रूढ रचना आहे. दंडाची रक्कम पदवीसाठी १० लाख, पदव्युत्तरसाठी ५० लाख आणि अतिविशेष शिक्षणासाठी २ कोटी रुपये अशी ठरवण्यात आली होती. समाजाच्या पैशाने शिकलेल्याने समाजाची परतफेड करावी, हा विचार योग्यच आहे. परंतु ज्या सेवेची किंमत दंडाच्या रकमेत सांगितली जाते, ती सेवा करणाऱ्याच्याही मनात शिक्षेचेच रूप घेते. असा डॉक्टर वर्ष मोजतो. तो रुग्णालयाला ओळखू लागतो तोवर त्याची जाण्याची वेळ होते आणि रुग्णांना दरवर्षी नवा चेहरा दिसतो.

६. अंबरनाथचे महाविद्यालय : संधी आणि शंका

तिसरा मार्ग अध्यापनाचा. या परिसरात तो अलीकडेच उघडला. अंबरनाथ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४-२५ या वर्षापासून १०० विद्यार्थ्यांची मान्यता मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील इतर नऊ नव्या शासकीय महाविद्यालयांसह त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. नव्या महाविद्यालयांसाठी आरोग्य विभागाची आधीची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाशी जोडण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. अशा वेळी इमारत आणि खाटा सहज जोडल्या जातात. त्या खाटांभोवती वर्षानुवर्षे उभे राहिलेले वैद्यकीय अधिकारी मात्र दोन विभागांच्या सीमेवर राहतात. त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवावे, पण त्यांना शिक्षक म्हणू नये, अशी स्थिती निर्माण होण्याचा धोका असतो.

हा धोका केंद्रीय पातळीवर अंशतः ओळखला गेला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ मध्ये अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम केले. त्यांनुसार २२० किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात पदव्युत्तर पदवीसह दोन वर्षे काम केलेला तज्ज्ञ सहायक प्राध्यापकपदासाठी आणि दहा वर्षे अनुभव असलेला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापकपदासाठी पात्र ठरू शकतो. त्यासाठी संशोधनपद्धतीचा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट आहे. रुग्णसेवेच्या अनुभवाला अध्यापनाचे मूल्य देणारा हा बदल स्वागतार्ह आहे.

परंतु निकष पुन्हा खाटांचा आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय दीर्घकाळ सुमारे २०० खाटांचे म्हणून ओळखले गेले. ग्रामीण रुग्णालयाचा राज्यातील मानक आकार तर ३० खाटांचा आहे. म्हणजे सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर एका डॉक्टरचा अनुभव अनुभव मानला जाईल की नाही, हे ठरते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेल्या ज्या निरीक्षणांनी जगाच्या पाठ्यपुस्तकात भर घातली, ती वर्षे या मोजपट्टीवर शून्य भरतील. मोजपट्टी असावीच, पण ती केवळ जागेची नसावी. डॉक्टरने काय पाहिले, काय नोंदवले आणि कोणाला शिकवले, हेही तिने मोजावे.

७. आधार म्हणजे नेमके काय?

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. शासकीय डॉक्टरांना वेतन आहे, सुरक्षितता आहे, तरीही अनेक जण खासगी व्यवसायाकडे लक्ष ठेवून असतात. मग आणखी सवलती कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे आणि गैरवर्तनाला संरक्षण देणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू नाही. परंतु खासगी व्यवसायाच्या ओढीचे कारण केवळ पैसा आहे, असे मानणे हे मानवी स्वभावाचे अपुरे वाचन ठरेल. संध्याकाळच्या दवाखान्यात डॉक्टरला नाव असते, त्याचे रुग्ण त्याच्याकडे परत येतात आणि त्याला आपल्या उपचाराचा परिणाम दिसतो. सार्वजनिक रुग्णालयात हेच तीन अनुभव त्याला मिळत नाहीत. आधार या शब्दाचा खरा अर्थ तेथे आहे.

असा आधार उभा करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. तीन शहरांतील सर्व सार्वजनिक रुग्णालयांच्या डॉक्टरांची, छत्र कोणतेही असो, ठरलेल्या दिवशी एक संयुक्त चर्चासभा व्हावी. नवे महाविद्यालय तिचे स्वाभाविक यजमान होऊ शकते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरला पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावेच लागतात. ते हॉटेलातील व्याख्यानांतून मिळवण्याऐवजी आपल्याच रुग्णांच्या चर्चेतून मिळाले, तर नियम आणि गरज यांची गाठ पडेल. वर पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचा परतीचा अहवाल पाठवणाऱ्या डॉक्टरकडे यावा. राष्ट्रीय नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा पातळीवरील रुग्णालयात तीन महिने काम करणे २०२१ च्या तुकडीपासून अनिवार्य आहे. असे विद्यार्थी या परिसरात येतील तेव्हा त्यांनी रिकाम्या पाळ्या भरून काढणे एवढाच त्यांचा उपयोग होऊ नये. येथील तज्ज्ञ हे त्यांचे शिक्षक आहेत, अशी नोंद कागदावर व्हावी.

आणि नोंदवही. औद्योगिक वसाहतीतील भाजण्याचे व रसायनांचे अपघात, गर्दीच्या वस्तीतील क्षयरोग, रेल्वेमार्गावरील जखमी, पावसाळ्यातील ताप यांपैकी कोणता तरी विषय या परिसराचा ‘विंचूदंश’ असू शकेल. तो कोणता, हे बाहेरचा तज्ज्ञ सांगू शकणार नाही. ते तेथे दहा वर्षे राहिलेल्या आणि नोंदी ठेवलेल्या डॉक्टरलाच कळेल.

८. समारोप

मराठी लेखनाने डॉक्टरला विद्यार्थी म्हणून पाहिले, गुरू म्हणून पाहिले, व्रतस्थ म्हणून पाहिले आणि आरोपी म्हणूनही पाहिले. नोकरी करणारा, शिकू इच्छिणारा, थकणारा आणि तरीही दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात येऊन बसणारा डॉक्टर मात्र त्याने फारसा पाहिला नाही. सेवानियमांनी त्याला एकतर बंधपत्राने बांधले, नाहीतर वर जाण्यासाठी गुण दिले. तेथेच राहून मोठे होण्याची वाट दोघांनीही आखली नाही. साहित्यातील रिकामी जागा आणि नियमांतील रिकामी जागा या एकाच सामाजिक दुर्लक्षाच्या दोन खुणा आहेत.

या दुर्लक्षाची भरपाई केवळ आरोग्य खात्याने करावी, असे म्हणून भागणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाविद्यालयांत मराठी, सिंधी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय शिकवले जातात. निर्वासितांच्या छावणीच्या काळापासून या शहरांत रुग्णसेवा केलेल्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि औषधनिर्मात्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, त्यांचे शब्दांकन करणे आणि रुग्णालयांच्या नोंदींचा शास्त्रीय अभ्यास करणे, हे काम या विभागांच्या आवाक्यातील आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत रुग्णालयातील वर्षे लिहावयास शिल्लकच राहिली नाहीत. येथे ती वर्षे अनेकांनी जगलेली आहेत आणि त्यांतील काही जण आजही या शहरांत राहतात. त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणे हे आता अभ्यासकांच्या हाती आहे.